घंटेचं वजन

माझा धंदा वजनाचा. तराजू घेऊन बसत नाही, पण रॉटरडॅमजवळच्या ज्या कचेरीत मी काम करतो तिथे जहाजांचे आराखडे होतात आणि वजनाचा तक्ता माझ्याकडे असतो. जहाज कागदावर असतं तेव्हाच त्यात जाणारी प्रत्येक वस्तू या तक्त्यात लिहायची. तिचं वजन किती, ती कुठे बसणार, तळापासून किती उंचीवर. इंजिन, केबल, दरवाजे, रंग. (रंगाचं नाव काढलं की नवीन पोरं हसतात. मोठ्या जहाजाचा रंग टनांत मोजतात, हे कळल्यावर गप्प होतात.) आराखडा करणारी मंडळी मला कॉरिडॉरमध्ये बघून वाट बदलतात, कारण माझा प्रश्न ठरलेला: हे किती किलो, आणि मागच्या महिन्यात किती म्हणाला होतात?

हा स्वभाव कुठून आला म्हणाल, तर आजोबांकडून. ते तलाठी होते. आम्ही वेंगुर्ल्याचे. वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे. आहे म्हणजे भिंती आहेत, चिऱ्यांच्या सांध्यांत मुळं शिरलेली आहेत आणि पावसाळ्यात आत कंबरभर रान माजतं. सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रात नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना इथून रसद जायची. शाळेत असताना एकदा मी आजोबांना विचारलं होतं, एवढा दगडी वाडा बांधून हे लोक निघून का गेले? आजोबांनी पानाची शीर काढता काढता उत्तर दिलं, "हिशोब जुळलो नाय, म्हणान गेले."

डचांविषयी याहून नेमकं वाक्य मी त्यानंतर ऐकलं नाही, आणि आता त्यांच्या देशात राहून अकरा वर्षं झाली.

इथे आल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते रस्त्यांच्या नावांचं. गावोगाव डे राउटरच्या नावाचा एखादा रस्ता असतोच. मिखिल डे राउटर हा त्यांचा सतराव्या शतकातला दर्यासारंग. आपल्या पंचांगात सांगायचं तर महाराज आग्र्याहून निसटले त्याच्या पुढच्या वर्षी, १६६७ च्या जूनमध्ये, याच्या आरमाराने इंग्लंडच्या मेडवे नदीत घुसून इंग्रजांची जहाजं जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' हे त्यांचं मानाचं जहाज ओढून हॉलंडला आणलं. त्या जहाजाच्या पिछाडीवरचं कोरीवकाम आजही ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये टांगलेलं आहे. खलाशी डे राउटरला प्रेमाने आजोबा म्हणत. तेव्हाच्या डचमध्ये 'बेस्तेव्हार'. मला हे आवडलं. सेनापतीला आजोबा म्हणणारं सैन्य वेगळंच असणार.

पण माझा जीव गुंतला तो या आजोबांच्या नावाच्या एका जहाजात. 'डे राउटर', हलकी क्रूझर, म्हणजे मधल्या आकाराची वेगवान युद्धनौका. मी राहतो तिथून सायकलने अर्ध्या तासावर स्खीडाम आहे. तिथल्या विल्टन-फेयेनोर्ड गोदीत १६ सप्टेंबर १९३३ रोजी तिचा कणा ठेवला, म्हणजे बांधणी सुरू झाली. त्या जागी आजही जहाजं दुरुस्तीला येतात. वारा उलटा असला की वेल्डिंगचा वास रस्त्यापर्यंत येतो.

१९३३ हे साल लक्षात ठेवा. जगभर मंदी. हॉलंडचं सरकार आपल्या चलनाची, गिल्डरची, किंमत सोन्याला बांधून बसलेलं आणि खर्च कापण्यापलीकडे दुसरं औषध न जाणणारं. त्याच वर्षी फेब्रुवारीत डच ईस्ट इंडीजच्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या समुद्रात 'डे झेवेन प्रोव्हिन्सियन' या त्यांच्याच युद्धनौकेवर बंड झालं होतं. कारण पगारकपात. युरोपीय आणि इंडोनेशियन खलाशी दोघंही त्यात होते. सरकारने विमानातून बॉम्ब टाकून ते मोडलं. २३ माणसं मेली. त्यानंतर तेरा वर्षांनी, फेब्रुवारीतच, मुंबईत 'तलवार' या नौदल तळावरच्या खलाशांनी संप केला तेव्हाही सुरुवात जेवणापासून आणि वागणुकीपासून झाली होती. साम्राज्यांचं आरमार बहुतेक पगार आणि भाकरीपाशीच तडकतं.

तर अशा काटकसरीच्या वर्षात हे जहाज जन्माला आलं. काम काय, तर इंडीजचं रक्षण. तिथे 'जावा' आणि 'सुमात्रा' या दोन जुन्या क्रूझर होत्या. तिसरी आली की एक दुरुस्तीला गेली तरी दोन हाताशी राहतील, असा सरळ हिशोब. सुरुवातीच्या आराखड्यात सव्वापाच हजार टन आणि सहा तोफा. नौदलाने कपाळाला हात लावला असणार. मग घासाघीस होऊन लांबी थोडी वाढली आणि सातवी तोफ आली.

सात हा आकडा कुठल्याही युद्धनौकेवर विचित्र दिसतो. तोफा बहुधा जोडीने बसवतात, म्हणून त्या बहुधा सम संख्येत असतात. 'डे राउटर'वर मागे दोन जुळे मनोरे (तोफांच्या फिरत्या कोठ्या), पुढे एक जुळा, आणि त्या पुढच्या मनोऱ्याच्या वर, चौथ्या जोडीच्या जागेवर, ढाल लावलेली एकच तोफ. जुना फोटो पाहताना माझी नजर दर वेळी तिथेच जाते. दिवाणखान्यात सोफासेटला शोभेल अशी खुर्ची परवडली नाही म्हणून स्टूल ठेवावं, तशी ती तोफ. असे स्टूल मी कामावर रोज पाहतो. ग्राहक म्हणतो दोन क्रेन हव्यात, पैसे दीड क्रेनचे असतात, आणि मग मधलं काहीतरी निघतं ज्याला कुणीच आपलं म्हणत नाही.

एरवी जहाज देखणं होतं. १७१ मीटर लांब, साधारण साडेसहा हजार टन, ६६,००० अश्वशक्तीची टर्बाइन, वेग ३२ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ६० किलोमीटर. तोफा बोफोर्सच्या, १५० मिलिमीटरच्या. कमरेला ५० मिलिमीटरचं चिलखत, डेकवर ३०. मधोमध, जिथून जहाज चालवतात तो बुरुजासारखा उंच ब्रिज, आणि विमान उडवून देणाऱ्या कॅटपल्टवर फोकरची दोन तरंगती विमानं. 'हलकी' हे लेबल तोफेवरून लागतं, वजनावरून नाही. १९३० च्या लंडन करारात सहा इंची वर्गाच्या तोफा असलेली क्रूझर हलकी आणि आठ इंची तोफांची भारी, अशी वाटणी झाली होती. पाणतीर (टॉर्पेडो) सोडण्याच्या नळ्या मात्र या जहाजाला दिल्याच नव्हत्या. हे वाक्य मनात ठेवा, पुढे लागेल.

एका गोष्टीत हे जहाज काळाच्या पुढे होतं. विमानं पाडण्यासाठी ४० मिलिमीटरच्या दहा बोफोर्स, पाच जोड्यांत, आणि त्यांना नेम धरून देणारी हाझेमायर कंपनीची यंत्रणा. समुद्रावर जहाज डोलतं, कलतं, तरी तोफेचा नेम ढळू नये म्हणून ही बैठक स्वतःच उलट दिशेने सावरायची. मे १९४० मध्ये हॉलंड पडल्यावर 'विलेम व्हान डेर झान' हे डच जहाज अशीच एक बैठक घेऊन इंग्लंडला पोचलं तेव्हा इंग्रजांनी ती पाहून नक्कल केली. पण काय झालं, की या पाचही जोड्या 'डे राउटर'वर मागच्या बाजूला एकाच ठिकाणी दाटीवाटीने बसवल्या. समोरून येणाऱ्या विमानाला त्या आंधळ्या, आणि त्या एका जागी घाव बसला की सगळ्याच मुक्या. माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी कळतं की आराखड्याच्या बैठकीत कुणीतरी 'जागा नाही' म्हणालं असणार आणि कुणीतरी मान डोलावली असणार. मीही डोलावलेली आहे.

३ ऑक्टोबर १९३६ रोजी जहाज नौदलात दाखल झालं. गंमत पाहा, त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी हॉलंडने अखेर सोन्याची गाठ सोडली होती. ज्या काटकसरीने सात तोफा दिल्या, ती काटकसर संपली. तोफा सातच राहिल्या.

पुढची पाच वर्षं भराभर उरकतो, कारण बहुतेक गस्त, सराव आणि काफिल्यांना सोबत यातच गेली. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात गेलं आणि हे जहाज देश नसलेल्या देशाचं आरमार बनलं. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. त्याला इंडीजचं तेल हवं होतं.

रिअर ॲडमिरल कारेल डोर्मन 'डे राउटर'वरून नेतृत्व करत होता. मूळचा वैमानिक, तब्येतीने खंगलेला. ४ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी गाठलं. जहाज वाचलं, पण निकामी झाली ती विमानविरोधी तोफांची नेम-यंत्रणाच. मग १९ च्या रात्री बालीजवळ बाडुंगच्या सामुद्रधुनीत चकमक झाली. दोस्त राष्ट्रांची जहाजं जास्त होती, पण तीन लाटांत, एकामागून एक अशी अंधारात शिरली आणि चार जपानी विनाशिका त्यांना भारी पडल्या. 'पीट हाइन' ही डच विनाशिका बुडाली, 'ट्रॉम्प' ही छोटी क्रूझर इतकी भाजून निघाली की तिला दुरुस्तीसाठी ऑस्ट्रेलियाला पाठवावं लागलं. त्यामुळेच ती युद्धातून वाचली, हा एक वेगळाच हिशोब.

२७ फेब्रुवारी. दुपारी डोर्मनचा ताफा रात्रभर समुद्र धुंडाळून, दमून, जावा बेटावरच्या सुराबायाच्या बंदरात शिरत होता. तेवढ्यात बातमी आली की जपानी काफिला येतोय, परत फिरा. चार देशांची जहाजं. त्यांनी एकत्र सराव केलेला नाही. सामायिक संकेतपुस्तक नाही. डचमधली आज्ञा 'डे राउटर'वर बसलेला अमेरिकन संपर्क अधिकारी इंग्रजीत करणार आणि मग ती दिव्याच्या उघडझापीने मागे जाणार. टेहळणीची विमानं किनाऱ्यावर ठेवलेली, कारण लढाई रात्री होईल असा अंदाज होता. झाली दिवसाढवळ्या, सव्वाचारला.

इथे माझा तक्ता उघडतो. 'डे राउटर'चा एक गोळा साधारण ४६ किलोचा. सात तोफा एकदम उडाल्या तर ३२२ किलो. समोर 'नाची' आणि 'हागुरो' या जपानी भारी क्रूझर, प्रत्येकी आठ इंची दहा तोफा, एक गोळा सव्वाशे किलोच्या आसपास. म्हणजे एका जहाजाचा एक फेरा साडेबाराशे किलोचा. शिवाय त्यांचा पल्ला लांबचा. पहिला बराच वेळ 'डे राउटर', 'जावा' आणि ऑस्ट्रेलियाची 'पर्थ' नुसत्या मार खायच्या टप्प्यात होत्या, द्यायच्या नव्हे. उत्तर देऊ शकत होत्या त्या दोनच भारी क्रूझर, इंग्रजांची 'एक्झिटर' आणि अमेरिकेची 'ह्यूस्टन', आणि 'ह्यूस्टन'चा मागचा मनोरा ४ फेब्रुवारीलाच जळून बंद पडलेला.

तरीही खरा फरक तोफांनी केला नाही. जपान्यांकडे टाइप ९३ नावाचा पाणतीर होता. ६१ सेंटिमीटर जाडीचा, शुद्ध ऑक्सिजनवर चालणारा, त्यामुळे मागे बुडबुड्यांची रेघ जवळजवळ न सोडणारा, पोटात ४९० किलो स्फोटक आणि पूर्ण वेगातही २० किलोमीटरचा पल्ला. एवढ्या लांबून पाणतीर येऊ शकतो, हे दोस्तांच्या डोक्यातच नव्हतं. संध्याकाळी 'कोर्टेनार' ही विनाशिका त्याने दोन तुकडे होऊन बुडाली. 'एक्झिटर'च्या बॉयलरखोलीत गोळा शिरला आणि तिला माघारी पाठवावं लागलं. रात्री 'ज्युपिटर' ही इंग्रजांची विनाशिका आपल्याच बाजूच्या, डचांनी पेरलेल्या सुरुंगावर गेली. विनाशिका एकेक करून गळाल्या आणि उरल्या चार क्रूझर, एका रांगेत: 'डे राउटर', 'पर्थ', 'ह्यूस्टन', 'जावा'.

आता ते मनात ठेवलेलं वाक्य काढा: 'डे राउटर'ला पाणतीर दिलेच नव्हते. अंधारात दोन्ही रांगा समांतर धावत होत्या. 'नाची'ने आठ आणि 'हागुरो'ने चार पाणतीर सोडले. बारांपैकी दोन लागले. एक रांगेच्या शेपटाला, एक डोक्याला. 'जावा'ची पिछाडी तुटली आणि ती काही मिनिटांत गेली. 'डे राउटर' पेटली. आग मागच्या बाजूने सरकत त्या दाटीवाटीच्या विमानविरोधी तोफांपाशी पोचली आणि तिथला ४० मिलिमीटरचा दारूगोळा उडू लागला. जहाज सोडायला जमलेली माणसं त्याच्या आसपासच होती.

पहाटे अडीचच्या सुमारास ती बुडाली. ३४५ माणसं गेली, त्यांत डोर्मन आणि जहाजाचा कप्तान लाकोम्ब्ले. जाण्याआधी डोर्मनने 'पर्थ' आणि 'ह्यूस्टन'ला वाचलेल्यांसाठी थांबू नका, बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) निघून जा, असं सांगितलं. त्या दोन्हीही दुसऱ्याच रात्री सुंदाच्या सामुद्रधुनीत बुडाल्या. जावावरचं आक्रमण एका दिवसाने पुढे ढकललं गेलं. जमेच्या बाजूला एवढाच आकडा आहे, एक दिवस.

डच शाळांत मुलांना डोर्मनचं वाक्य शिकवत आले: 'मी हल्ला करतो, माझ्या मागे या.' संदेश होता तो 'सर्व जहाजांनी माझ्या मागे यावं' एवढाच, आणि तोही इंग्रजीत. 'मी हल्ला करतो' हे नंतर कुणीतरी जोडलं. मला साधं वाक्यच मोठं वाटतं. रांग विस्कटलेली, धूर, कोण कुठे आहे पत्ता नाही, चार देशांच्या कप्तानांना एकाच वेळी कळेल असं बोलायचं, तर माणूस दुसरं काय बोलणार?

या गोष्टीचा उत्तरार्ध मला लढाईपेक्षा जास्त छळतो. डिसेंबर २००२ मध्ये बुडी मारणाऱ्या माणसांच्या एका पथकाला बावेअन बेटाच्या बाजूला, सुमारे ७० मीटर खोलीवर 'डे राउटर' आणि 'जावा' सापडल्या. 'डे राउटर'ची घंटा वर आली. मग २०१६ मध्ये, लढाईला ७५ वर्षं पूर्ण व्हायच्या आधी, स्मरणाच्या तयारीसाठी पुन्हा एक मोहीम गेली. ध्वनीने तळ चाचपणारं सोनार यंत्र फिरवलं. तळावर जहाजाच्या आकाराचा लांबट खळगा होता आणि त्यात जहाज नव्हतं. 'जावा'ही नव्हती. 'कोर्टेनार'चा मोठा भाग नव्हता. इंग्रजांची 'एक्झिटर'ही गायब. साडेसहा हजार टनांचं जहाज कुणीतरी ओरबाडून, तुकड्यातुकड्याने उचलून, भंगारात विकलं होतं. जहाज ढकलणाऱ्या पंख्यांचं ब्रॉन्झ, तांबं, पितळ, आणि मग उरलेलं पोलाद.

हे वाचलं त्या दिवशी मला आठवलं ते माझ्याच तक्त्याचं. भंगारात निघालेल्या जहाजाचा भाव त्याच्या रिकाम्या वजनावर ठरतो, गुजरातेतलं अलंग असो नाहीतर आपला मुंबईतला दारूखाना. टनाला इतके डॉलर. आणि ते रिकामं वजन म्हणजे मी आज ज्या तक्त्याची बेरीज करतो तिची शेवटची ओळ. जहाज पाण्यात उतरण्याआधीच त्याच्या मरणाचा भाव कुठे लिहिलेला असतो, तर माझ्या संगणकात. २०१६ मध्येच पुण्यातल्या माझ्या मावसभावाने 'विक्रांत'चं पोलाद घातलेली बजाजची मोटारसायकल घेतली आणि टाकीवर हात ठेवून फोटो पाठवला. त्यात काही वावगं नव्हतं. लिलाव झाला होता, कागद झाले होते, 'विक्रांत' रिकामी होती. 'डे राउटर' रिकामी नव्हती.

इथल्या वर्तमानपत्रांत तेव्हा फार संताप उमटला. इंडोनेशियाकडून उत्तर आलं की जहाजं सांभाळा असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. डच मित्रांसमोर मी बोललो नाही, पण मला ते उत्तर अगदीच उद्धट वाटलं नाही. ज्या समुद्रात ही जहाजं पडली होती, तो समुद्र ती कुणासाठी राखत होती? तिथल्या माणसांसाठी तर खचित नाही. पण ही बाजू घेतली की लगेच दुसरी आठवते. मेलेल्यांमध्ये इंडोनेशियन खलाशीही पुष्कळ होते. ज्याने लोखंड कापलं असेल, त्याच्याच गावचा एखादा पणजोबा त्या लोखंडात असू शकतो. इथे माझी बेरीज थांबते.

'डे राउटर'चं नाव मात्र रिकामं राहिलं नाही. त्याच स्खीडामच्या गोदीत १९३९ मध्ये 'डे झेवेन प्रोव्हिन्सियन' नावाने (होय, त्या बंडवाल्या जहाजाचं नाव) नवीन क्रूझर सुरू झाली होती. अर्धवट सांगाडा जर्मनांच्या हाती पडला, त्यांनी तो १९४४ मध्ये पाण्यात ढकलला, आणि युद्धानंतर पुरा करून १९५३ मध्ये तो नौदलात आला तेव्हा नाव होतं 'डे राउटर'. आठ तोफा, चार जोड्या. १९७३ मध्ये ती पेरूने विकत घेतली आणि 'अल्मिरान्ते ग्राउ' म्हणून २०१७ पर्यंत वापरली. तोफांवर विसंबलेली जगातली ती शेवटची क्रूझर. बापडीला नशीब मात्र चांगलं मिळालं.

गेल्या मार्चमध्ये हेगला काम होतं. लवकर आटोपलं म्हणून लांगे व्होरहाउटवर फिरत गेलो. लिंडनची झाडं अजून बोडकी होती आणि त्यांच्या खाली जांभळ्या-पांढऱ्या क्रोकसचा नुसता सडा. तिथेच क्लोस्टरकेर्क आहे, जुनं विटांचं चर्च. स्पेनशी युद्ध चालू होतं त्या काळात या चर्चमध्ये तोफा ओतायचे. 'डे राउटर'ची घंटा आता तिथे आहे.

मी घंटेसमोर बराच वेळ उभा असलो पाहिजे, कारण एक म्हाताऱ्या बाई जवळ आल्या. चर्चमध्ये पाहुण्यांना माहिती द्यायला असतात तशा. त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं कोण होतं?"

क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. सावळा माणूस या घंटेपाशी येतो तो इंडोनेशियाकडचा असणार, आजोबा खलाशी असणार, असं त्यांनी धरलं होतं. मी म्हटलं, कुणी नाही. मी भारतातला. त्या थांबून राहिल्या, म्हणजे पुढचं वाक्य मी बोलावं अशा. आता वेंगुर्ल्याची वखार कुठून सांगत बसायची? मी म्हटलं, मी जहाजांची वजनं काढतो.

"अच्छा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं समाधान झालेलं दिसलं. डच माणसाला हे कारण पुरतं. "मग हिचं किती असेल?"

मी अंदाज करायला गेलो. व्यास डोळ्यांनी मोजला, ब्रॉन्झची घनता आठवली, जाडी किती धरावी तिथे अडलो. आकडा सांगितला नाही. त्या जहाजाचं एवढंच ठाऊक ठिकाणी उरलेलं, आणि मी ते 'अंदाजे' म्हणून मोकळा होणार होतो.

जहाजाच्या तक्त्यात घंटेचीही एक ओळ असते. आकार नियमाने ठरलेला असतो, वजन मात्र मी अकरा वर्षं ठोकळ लिहीत आलो, कारण हजारो टनांत घंटेला कोण विचारतं. सोमवारी कचेरीत गेल्यावर आधी पुरवठादाराला फोन लावला. तो आधी समजला की तक्रार आहे. मग म्हणाला, साहेब, दोन किलो इकडेतिकडे झाले तर जहाज बुडत नाही. मी म्हटलं ठाऊक आहे, तरी तोलून सांगा. गोदामातून तो परत येईपर्यंत मी फोन धरून होतो.